आमच्या बैठकीतली पीक कापणी

"दोरीच्या आत पाय टाकू नका! सांगून ठेवतो, दोरीच्या आत कुणीबी पाय टाकायचा न्हाय!"

ही आरोळी आमच्या बैठकीतनं उठली तेव्हा मी बैठकीला लागूनच असलेल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पितळी घागर वाजवून दाखवत होतो. आरोळी अशी होती की मी बोट लावायच्या आधीच घागर वाजली. आत जाऊन बघतो तर चार कोपऱ्यांना माझ्याच दुकानातल्या चार कळश्या उलट्या मांडलेल्या (फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून), त्यांना गुंडाळलेली पांढरी दोरी, दोरीच्या मधोमध सतरंजीवर मोबाईल घेऊन बसलेली माझी तेरा वर्षांची गिरिजा, आणि दोरीबाहेर चहाचा ट्रे हातात धरून, एक पाय हवेत ठेवून बगळ्यासारखी उभी असलेली माझी बायको. कमरेला मोजायची टेप, खिशात तीन रंगांची पेनं आणि काखेत जाडजूड वही घेऊन हुकूम सोडणारी मूर्ती म्हणजे आमचे साडू.

आमच्या साडूंसारखा माणूस मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत नाही. उद्या सरकारनं नववा जिल्हा केला तर तो केवळ साडूंना कुठंतरी मावावं म्हणून केला असं मी समजेन. हा माणूस कशावरही विश्वास ठेवत नाही. महादेवावर ठेवतो, पण तिथंही अभिषेकाला पाणी किती लिटर गेलं ते पुजाऱ्याला विचारून घेतो. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य आहे, कारण ते स्वतः होकायंत्र घेऊन एकदा गच्चीवर गेले होते. खरं तर दोनदा गेले होते. एका दिवसाच्या सूर्यावर त्यांचा भरवसा बसला नाही.

साडू बत्तीस वर्षं कृषी सहाय्यक होते. शेवटची अकरा वर्षं भूम तालुक्यात ईटला काढली आणि निवृत्त होऊन मुरुमला, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर येऊन राहिले. नोकरीत कामं शंभर केली असतील, पण जीव जडला तो पीक कापणी प्रयोगावर. गावात यंदा सोयाबीन किती झालं हे शेतकऱ्याला विचारायचं नाही. कुठलाच क्रम नसलेल्या आकड्यांच्या छापील तक्त्यातनं एक आकडा उचलायचा, त्या आकड्याचं शेत गाठायचं, नैर्ऋत्य कोपऱ्यातनं मोजून आत शिरायचं, दहा मीटर बाय पाच मीटरची दोरी मारायची आणि दोरीच्या आतलं तेवढंच पीक कापून, मळून, वाळवून तोलायचं. मी एकदा विचारलं होतं, "साडूभाऊ, एवढा उपद्व्याप कशाला? बांधावर उभं राहून मालकाला विचारलं तर?" तेव्हा ते म्हणाले, "विमा काढला असला तर मालक दोन पोती झाली म्हणतो. पोरीची सोयरीक जमत असली तर वीस. माणूस खोटं बोलत न्हाय हो, पर त्याच्या गरजंपरमाणं पिकतंय."

निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात, साडू तो आकड्यांचा तक्ता घेऊन आले. तेव्हापासून त्यांचा सगळा संसार त्या तक्त्यावर चालतो. बाजारात सोळा भाजीवाल्या बसल्या असल्या तर साडू तक्ता उघडतात, बोट ठेवतात, अकरा आला की अकराव्या बाईसमोर जाऊन उभे राहतात. अकरावी बाई त्या दिवशी फक्त लिंबं विकत असली तर घरात लिंबाची भाजी. लग्नात पंगतीच्या कडेला बसत नाहीत. कडेच्या ओळीला ऊन-वारा जास्त लागतो, त्यामुळं कडेचं पीक हिशेबात धरायचं नसतं, असा शेतातला नियम आहे. आणि कडेच्या माणसाला वाढपी दोन्ही बाजूंनी वाढतो, हे साडूंनी तीन लग्नांत मोजून पाहिलं आहे. आमच्या मोठ्या मेहुणीला, म्हणजे अक्कांना, बायका चिडवतात की तुम्हांलाही तक्त्यातनंच निवडलं का? अक्का शांतपणे म्हणतात, "तवा तक्ता न्हवता, म्हणून तर मी हाय."

आणि त्यांचं ते वाळवणं! ओल्या मालाचं वजन खरं नसतं, हा साडूंचा धर्म. म्हणून कुठलीही बातमी ते आल्या दिवशी खरी मानत नाहीत, आठ दिवस उन्हात टाकतात. नोकरीत असताना त्यांची बदली झाली. घरच्यांनी भांडीकुंडी बांधली, शेजाऱ्यांनी रडून घेतलं, साडू मात्र जागचे हलले नाहीत. "वाळू द्या," म्हणाले. सहाव्या दिवशी बदली रद्द झाली. त्या दिवसापासून त्यांना आवरणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

तर अशा माणसाला शाळेच्या पालकसभेत न्यायचं नसतं. पण माझं दुकान होतं, बायको एकटी जायला नको म्हणाली, म्हणून ते गेले. सभेत बाहेरगावचे एक वक्ते आले होते. मोबाईलवर त्यांनी असा दांडपट्टा फिरवला की पहिल्या दोन ओळींतल्या पालकांनी खिशातले फोन बंद केले. शेवटी बोट उगारून ते म्हणाले, "रोज दोन तास! दोन तासांच्या वर पडदा बघणारं मूल वाया गेलंच म्हणून समजा!"

साडूंचा हात वर. "दोनच का?"

"म्हणजे?"

"एक तास पंचावन मिन्टाला पोरगं चांगलं असतंय, आन् दोन तास पाच मिन्टाला वाया जातंय, तर मधल्या धा मिन्टात नेमकं काय व्हतंय?"

सभा हसली. वक्ते म्हणाले, "काका, हे तज्ज्ञांनी ठरवलेलं आहे."

"असंल की. म्या कुठं न्हाय म्हणालो? पर कुणाच्या रानात? दोरी कुणी मारली? का पोरांच्या आयांना विचारून लिवलं?"

साडूंना मागच्या ओळीतल्या दोघांनी खाली बसवलं. पण माझ्या बायकोच्या मनात तो आकडा जाऊन रुतला, कारण तेव्हा आमच्या घरात आग लागलेली होती. गिरिजाला घटक चाचणीत गणितात वीसपैकी सहा मिळाले होते. गेल्या वर्षी हीच पोर वर्गात तिसरी होती. संध्याकाळी शाळेतनं आली की मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची ती जेवणापर्यंत. डोकं दुखतं म्हणायची. खेळायला जात नव्हती. विचारलं तर "अभ्यास करतेय" म्हणायची, आणि तेरा वर्षांच्या पोरीनं मोबाईलवर अभ्यास करतेय म्हणणं म्हणजे मांजरानं दुधाच्या पातेल्याजवळ जप करतेय म्हणण्यासारखं आहे, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. बायकोनं कुठनंतरी एक निवासी शाळा शोधली. फाटकातच फोन जमा, आठवड्यातनं एकदा घरच्यांशी पाच मिनिटं बोलणं, वर्षातनं दोनदा घरी. फॉर्म आला, मी चष्मा पुसून वाचला, सोमवारी सही करायची ठरली. गिरिजा रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त तिचं दप्तर आवरत बसली आणि मी दुकानात जाऊन कारण नसताना कळश्या घासत बसलो.

साडूंना हे कळलं तेव्हा ते धावत आले. हा माणूस सत्तर किलो वजनाचा आणि मोजूनमापून चालणारा. तो धावत आला हीच आमच्या गल्लीत बातमी झाली. दारातनंच ओरडले, "फॉर्म कुठाय? वाळवला का?"

"दाजी, ह्यात काय वाळवायचं?" बायको म्हणाली. "दिवसभर मोबाईल. मार्क गेले. डोकं दुखतंय. समदं डोळ्यापुढं हाय!"

साडू खाली बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "हे बगा. ज्याचं पीक पिवळं पडतंय, तोच शेतकरी जास्त युरिया टाकतोय. आता कुणी नुसतं बांधावरनं बघितलं, की जिथं जिथं युरियाच्या रिकाम्या गोण्या पडल्यात तिथं तिथं पीक पिवळं हाय, तर तो काय म्हणंल? युरियानं पीक पिवळं केलं! खरं काय हाय? पीक आधी पिवळं पडलं, गोण्या मागनं आल्या. मोबाईलनं पोरगी बिघडली, का कायतरी बिघडलं म्हणून पोरगी मोबाईलकडं गेली? हे बांधावरनं कळत न्हाय. मला आठ दिवस द्या."

"सोमवारी सही हाय दाजी."

"पुढच्या सोमवारी करा. पीक कापणी केल्याबिगर म्या पंचनाम्यावर कुणाला सही करू दिली न्हाय, आन् ही तर पोर हाय!"

पुढच्या सोमवारपर्यंत जागा ठेवतो, असं निवासी शाळेनं फोनवर सांगितलं आणि आमच्या घरात दोरी आली. दहा बाय पाच मीटर आमच्या बैठकीत मावेना, म्हणून साडूंनी मोठ्या दुःखानं प्लॉट लहान केला. तक्त्यातनं वेळा काढल्या. कधी सकाळी सात वीस, कधी रविवारी दुपारी चार पाच, कधी संध्याकाळी सहा चाळीस; आणि त्या ठोक्याला साडू हजर. ते गिरिजाला काही विचारायचे नाहीत. वहीत तीन रकाने आखलेले: काय बघतेय, कुणासंगं बघतेय, त्यापायी काय राहून गेलं. पहिल्या दिवशी गिरिजानं त्यांच्याकडं रागानं पाहिलं, दुसऱ्या दिवशी हसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, आज माझी मळणी कधी हाय?"

इथपर्यंत ठीक होतं. पण साडू म्हणाले, "नुसता एक प्लॉट पाडून चालत न्हाय, शेजारचा बी पाडावा लागतोय." आणि शेजारचा प्लॉट म्हणजे मी निघालो! आधी त्यांनी मला विचारून घेतलं की तुम्ही दिवसाला मोबाईल किती बघता. मी छाती पुढं काढून सांगितलं, अर्धा तास, तोही गिऱ्हाइकांच्या चौकशीपुरता. बायको म्हणाली, मी तर हातातसुद्धा धरत नाही. तीन दिवसांनी साडूंनी वही वाचून दाखवली. माझ्या अर्ध्या तासाला वही साडेतीन तास म्हणत होती, त्यातला मोठा भाग परदेशातल्या कुणी माणसानं हातानं विहीर खणण्याचा होता, आणि 'काय राहून गेलं' या रकान्यात दोन गिऱ्हाइकं, एक जेवण आणि माझ्या सासऱ्यांचा फोन होता. बायकोच्या नावावर कानडी रांगोळ्यांचं आख्खं रान पिकलेलं होतं. "अय्यो देवरे!" म्हणून तिनं तोंडाला पदर लावला, तिचं माहेर सीमेपलीकडचं, घाबरली की ती कानडीत घाबरते. साडू समजुतीनं म्हणाले, "खोटं न्हाय बोललात. सोयरिकीचं पीक सांगितलंत."

मधल्या काळात त्यांनी आणखी एक उद्योग केला. जगभरच्या डॉक्टर लोकांनी मुलांच्या पडद्याच्या वेळेबद्दल जी मार्गदर्शक पत्रकं काढली आहेत, ती नेट कॅफेतनं छापून आणली आणि तिथल्याच पोरीकडनं मराठीत समजून घेतली. दोन रात्री उशाला घेऊन झोपले. मग आम्हांला सांगितलं, "लहान लेकरांचं बरं लिवलंय, दोन वर्साच्या आतल्या पोराला पडद्यापुढं बसवू नका, बोला त्याच्यासंगं, खेळा. पर ह्या आकड्यांमागचा पुरावा कच्चा हाय, हे त्यांनीच आत लिवून ठेवलंय. परामाणिक मान्सं! आन् मोठ्या पोरांच्या बाबतीत तर कितीकांनी आकडाच सोडलाय. म्हणत्यात, झोप होतीय का, खेळ होतोय का, घरच्यांसंगं बोलतंय का, आन् बघतंय काय, हे बघा. आतला दाणा बारीक अक्षरात हाय, आन् सभेत नुसतं फोलपाट उडतंय."

आणि मग तो सहावा दिवस आला, ज्या दिवसाच्या आरोळीपासून मी सुरुवात केली. बायकोनं पाय मागं घेतला, ट्रे माझ्या हातात दिला. साडू दोरीच्या आत गेले, कमरेची टेप ओढली आणि गिरिजाच्या डोळ्यापासून मोबाईलपर्यंत धरली.

"एक वीत," ते पुटपुटले. "सहा दिवस झाले, जवा बघावं तवा एक वीत." मग वाकून त्यांनी पडदा पाहिला. "ह्ये काय हाय गं? सांग ह्यास्नी."

"वही."

"कुणाची?"

"मेहजबीनची. ती पहिल्या बाकावर बसते. घरी गेली की गणिताच्या वहीचे फोटो पाठवते." गिरिजानं दोन बोटांनी फोटो ताणला. एवढा ताणला की पडद्यावर फक्त 'उदाहरण दुसरे' एवढंच मावलं.

"सहा दिवस ह्येच बघतेय म्हणून म्या लिवलंय," साडू आमच्याकडं बघत म्हणाले. "रकान्यात वही, वही, वही. मधी एकदा नाच, एकदा मांजर. बाकी वही. आता वर्गात बसून जी फळ्यावरनं उतरवायची, ती वही पोरगी घरी येऊन बोटानं ताणून का बघतेय?" आणि अगदी सहज, जणू चहात साखर विचारावी तसं, समोरच्या भिंतीवरल्या बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरकडं हात करून ते म्हणाले, "गिरिजा, कॅलेंडरवर महिना कोणता हाय बग."

गिरिजानं मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "ऑगस्ट."

मी कॅलेंडरकडं पाहिलं. बायकोनं पाहिलं. ऑगस्टच चालू होता, पण भिंतीवर बोटभर जाडीच्या अक्षरांत, लांबनं दिसेल असा, एप्रिल होता. साडूंनी येतानाच पानं मागं टाकून ठेवली होती.

बायको दोरी ओलांडून आत गेली. साडूंनी अडवलं नाही. "कवापासनं दिसत न्हाय गं तुला?" ती म्हणाली.

"दिवाळीपासनं," गिरिजा म्हणाली. "मी उंच आहे ना, यंदा शेवटच्या बाकावर बसवलंय. फळ्यावरचं सगळं पुसट दिसतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कसं सांगू? दिसत नाही म्हणाले असते, तर तुम्ही म्हणाला असता, मोबाईलनंच डोळे बिघडले. मग मोबाईल काढून घेतला असता." ती आधी आईकडं, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मग मेहजबीनची वही मी कशात बघितली असती?"

आता मी इथं कबूल करतो, वाचकहो, की मी त्या क्षणी हातातला ट्रे कळशीवर ठेवला आणि नाकावरचा चष्मा पुसायला घेतला. माझा चष्मा! पाचवीत लागलेला, बाटलीच्या बुडासारखा जाड, जो काढला तर मला माझी बायको आणि कपाट यांतला फरक फक्त आवाजावरनं कळतो. माझ्या आईला होता, मला आहे, आणि आमच्या लहानपणी गल्लीत मोबाईल सोडा, लँडलाइनसुद्धा नव्हता. तरी पोरीचं डोकं दुखतंय म्हटल्यावर घरात एवढी चर्चा झाली, आणि त्या चर्चेत माझ्या नाकावरची ही दोन भिंगं कुणाला दिसली नाहीत!

दुसऱ्या दिवशी एसटीनं उमरग्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नंबर सांगितला, आणि माझ्या तोंडाकडं बघून हसून म्हणाल्या, "हा तर वारसा दिसतोय." बायकोनं भीतभीत विचारलं, "मोबाईलनं न्हाय ना झालं?" त्या म्हणाल्या, "एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येणार. सतत जवळचं बघणं डोळ्यांना बरं नाही, मग ते पुस्तक असो की मोबाईल. अंतर ठेवू दे, आणि रोज बाहेर उजेडात खेळू दे." साडू पुढं सरसावले, "हे बाहेर खेळायचं कुणी मोजलंय का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बऱ्यापैकी मोजलंय, काका. तुम्हांला वाचायला देते." साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं हात जोडलेले मी पाहिले.

चार दिवसांनी, पुढचा सोमवार उजाडला तेव्हा, आम्ही सहीला न जाता चष्मा आणायला गेलो. निवासी शाळेचा फॉर्म बायकोनं घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला आहे, आणि टेबल आता डुगडुगत नाही. गल्लीत अर्थातच बोभाटा झाला की साडूंनी मोबाईल निर्दोष सोडवला. त्यावर साडू इतके भडकले की दारोदार जाऊन सांगून आले, "म्या असं म्हणालो न्हाय! एका वाफ्यावरनं तालुक्याचा अंदाज काढायचा न्हाय!" आणि पुढं शेजारच्या घरी दोरी मारल्यावर वहीत 'काय राहून गेलं' खाली रोज 'झोप' निघाली, तेव्हा त्यांनी तिथल्या पोराच्या अंथरुणातला फोन स्वतःच्या हातानं उचलून स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवला.

पण मला आठवते ती त्या दिवशीची परतीची एसटी. गिरिजा पुढच्या सीटवर खिडकीशी, नवा चष्मा लावून, रस्त्यावरची एकूण एक पाटी मोठ्यानं वाचत होती. पंक्चरची दुकानं, खताची दुकानं, लग्नाचे फ्लेक्स, दगडावरचे किलोमीटर. कंडक्टर वैतागला, तिची आई हसत होती आणि डोळे पुसत होती. माझ्या छातीवरनं कुणीतरी भरलेली घागर उतरवून ठेवल्यासारखं मला हलकं वाटत होतं. मी साडूंना म्हणालो, "साडूभाऊ, तुम्ही नसता तर सही झाली असती बघा. पण त्या दिवशी एवढं धावत कशाला आलात?"

साडूंनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाले, "आमच्या पोराला पाचवीलाच हॉस्टेलला टाकला की म्या. टीव्ही लई बघायचा म्हणून."

हे मला माहीत होतं. त्यांचा मुलगा आता पुण्यात असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. अक्का बोलतात, मग साडूंकडं देतात. साडू विचारतात, "बरा हाईस?" तो म्हणतो, "बरा." पण टीव्हीचं कारण मला माहीत नव्हतं.

"तवा प्लॉट पाडला न्हवता म्या," ते म्हणाले. "तक्ता हाताशी व्हता. दोरी व्हती. पर पाडला न्हवता."

पुढं गिरिजा ओरडली, "मुरुम चार किलोमीटर!" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग टीव्हीनं पोरगं बिघडतं हे तुम्हांला तेव्हा सांगितलं कुणी?"

साडू खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, "समदेच म्हणत व्हते."